चौघांच्या घरात घरघंटी: हिशेब कुठे बसतो, कुठे बसत नाही

घरघंटी म्हणजे घरी दळायची विजेची छोटी चक्की. ती विकणारा पहिलं वाक्य ठरलेलं बोलतो, "दोन वर्षांत पैसे वसूल." चौघांच्या घरात ते होत नाहीत. १ एचपीची साधी घरघंटी साधारण १८ हजारांची धरू आणि महिन्याचं दळण २० किलो: १४ किलो गहू, ४ किलो ज्वारी, उरलेलं बाजरी-तांदूळ. गिरणीत किलोला ८ रुपये दर असेल तर महिन्याला १६० रुपये जातात. घरी १ किलो गहू दळायला आठ-नऊ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला सात किलो. एवढ्या वेळात ही मोटर जवळपास एक युनिट खाते. २० किलोला तीन युनिट. वीज युनिटला १२ रुपये धरा. वरचा टप्पा मुद्दाम धरायचा, कारण महावितरणच्या बिलात १०० युनिट ओलांडले की वाढीव युनिट महागड्या दरानेच लागतात. तरी खर्च ३६ रुपये. वाचले सव्वाशे, वर्षाचे दीड हजार. १८ हजार वसूल व्हायला बारा वर्षं, आणि त्यात जाळ्या, फिल्टरचं कापड, बेअरिंग धरलेलंच नाही. आपल्या गावचा दळणाचा दर घालून हा हिशेब एकदा कागदावर करावा. दर १० रुपये असला तरी नऊ वर्षांच्या आत आकडा येत नाही.

पाकिटातला आटा आणणाऱ्या घरांना फायदा थोडा जास्त आहे, पण तो चक्कीचा नाही. लोकवन घेऊन कोपऱ्यावरच्या गिरणीत टाकला तरी तेवढाच फायदा होतो. भाजणीचंही तेच. ज्वारी, बाजरी आणि तांदूळ अर्धा-अर्धा किलो. हरभरा डाळ, उडीद आणि गहू पाव-पाव किलो. धने १०० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. ही थालीपीठाची भाजणी घरी किलोला ७०-७५ रुपयांत पडते आणि पाकिटात तिचे दुपटीहून जास्त मोजावे लागतात. पण ही बचत भाजणाऱ्या हाताची आहे. भाजणी गिरणीवालाही दळून देतो.

मग घरघंटी घ्यायची कशासाठी? छोट्या दळणासाठी. एक किलो बाजरी, अर्धा किलो नाचणी, दोन वाट्या राजगिरा असलं दळण गिरणीवाला हसतमुखाने घेत नाही; घेतलं तर आधी कोणाचं काय दळलं होतं ते विचारावं लागतं. बाजरीच्या पिठातलं तेल लवकर खवट होतं, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत भाकरी कडवट लागायला लागते. गिरणीचा फेरा वाचवायला पाच किलो एकदम दळून आणलेली बाजरी शेवटी गुरांपुढे जाते. ज्वारीचं पीठ शिळं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि बाई स्वतःच्या हाताला दोष देत बसते. आठवड्याला किलोभर ज्वारी आणि किलोभर बाजरी दळून घेता आली तर भाकरी खाणाऱ्या घरात या यंत्राचा अर्थ आहे. नुसत्या पोळ्या खाणाऱ्या घरात, गिरणी दोन मिनिटांवर असेल तर नाही.

उपवासाचं पीठ हा दुसरा खरा उपयोग. भगर, साबुदाणा, राजगिरा यांत गव्हाचा कण नको असणाऱ्यांना गिरणीत खात्री मिळत नाही. मात्र डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केला असेल तर गव्हासाठी वापरलेली घरघंटी ब्रशने झाडून भागत नाही. दाणा दळला जातो त्या आतल्या कप्प्याच्या सांध्यांत पीठ राहतंच. अशा घरात चक्कीत गहू कधीच घालू नये.

आता यंत्राकडे. बहुतेक घरघंट्यांत दगड नसतो. मोटरच्या दांड्यावर फिरणारी पोलादी पाती दाणा आपटून फोडतात आणि भोवतीच्या गोल जाळीतून पीठ खाली डब्यात पडतं. गिरणीतल्या दगडाखाली दाणा चिरडला जातो, इथे तो आपटून फुटतो. त्यामुळे घरघंटीचं पीठ हाताला किंचित रवाळ लागतं आणि पाणी सावकाश पितं. नेहमीच्या अंदाजाने पाणी घातलं की कणीक आधी सैल वाटते आणि मग लोक वर पीठ घालत बसतात. तसं करू नये; कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवावी, आपोआप घट्ट येते. पोळीत फरक राहत नाही. मोदकाच्या पिठीत मात्र राहतो. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून सर्वांत बारीक जाळीवर दळले तरी उकडीला हवा तो मऊपणा येत नाही. पिठी वस्त्रगाळ करावी लागते आणि वर बरीच कणी उरते. गणपतीपुरती पिठी गिरणीतून आणणं सोपं. उलट लाडवाचं रवाळ बेसन, लापशीचा दलिया, इडलीचा तांदळाचा रवा घरघंटीत फार सुरेख निघतो, जाळी बदलली की काम झालं. जाळ्यांचे नंबर कंपनीप्रमाणे बदलतात, तेव्हा नंबर पाठ करण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात प्रत्येक जाळीवर मूठभर गहू दळून बघावा आणि जाळीच्या कडेला खिळ्याने खूण करून ठेवावी.

चालवण्याची रीत एका वाक्यात येते: मोटर आधी, दाणे नंतर. हॉपरची, म्हणजे वरच्या धान्य ओतायच्या तोंडाची, झडप बंद ठेवून बटण दाबायचं, आवाज एकसारखा झाला की झडप थोडी उघडायची. बंद करताना उलट. दाणे संपल्यावर मिनिटभर मोटर रिकामी फिरू द्यायची. वीज मध्येच गेली तर आतले दाणे पात्यांभोवती अडकून राहतात. वीज आल्यावर तसंच बटण दाबलं तर मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही. तिथे पुन्हा पुन्हा बटण दाबून कपॅसिटर किंवा वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जाळणारे पुष्कळ आहेत. प्लग काढून दार उघडा, जाळी काढा, दाणे झाडा, मग सुरू करा. दार नीट लागलं नाही तरी मोटर सुरू होत नाही, कारण दाराला सुरक्षेचा स्विच असतो. मेकॅनिकला बोलावण्याआधी दार एकदा दाबून बघावं. दळता दळता आपोआप बंद पडली तर ती तापली आहे. अर्धा तास थांबायचं. सलग तासाभरापेक्षा जास्त दळूच नये.

बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा दाण्यात असतं. पावसाळ्यात गहू सादळतो, दाताखाली कट्कन न फुटता चिवट लागतो. असा गहू घातला की जाळीची भोकं लेपाळतात, पीठ गरम येतं आणि मोटरचा आवाज खाली उतरतो. एखादं ऊन मिळालं तर त्यात पसरून, नाहीतर कढईत नुसता कोमट करून, पूर्ण गार झाल्यावर दळावा. भाजणीबाबत ही चूक हमखास होते. भाजून तासाभरात दळायला घेतात, वरून गार लागणारा दाणा आतून गरम असतो, त्याची वाफ जाळीवर धरते. भाजणी रात्री भाजून सकाळी दळावी. धुतलेली डाळ-तांदूळ चकलीच्या भाजणीसाठी वाळवताना एक डाळ नखाने मोडून बघावी. वाकली तर अजून ओल आहे. चकलीचं प्रमाण विचारलंच तर तांदूळ १ किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, मूठभर धने-जिरे.

दुसरा शत्रू खडा. गव्हातला एक बारीक खडा किंवा पोत्याच्या शिवणीतली तार जाळी फाडायला पुरते. हॉपरमध्ये चुंबक असेल तर लोखंड अडतं, खडा अडत नाही. तेव्हा निवडणं-पाखडणं सुटत नाही. "घरघंटी आणली की निवडायचं काम संपलं" असं सांगणाऱ्या दुकानातून काही घेऊ नये. पिठात अचानक कोंड्याचे मोठे तुकडे दिसले की जाळी उजेडाकडे धरून बघा. भोक मोठं झालेलं दिसेल. जाळी बदलावीच लागते, डाग देऊन भागत नाही.

तेलकट जिन्नस एकटे घालू नयेत. तीळ, शेंगदाणे, जवस यांचा जाळीवर लगदा होतो. सोयाबीन गव्हात मिसळूनच, दहा किलोला एक किलोच्या आत. मिरची-हळद दळता येते असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि दळताही येते, पण मिरचीचा खाट फिल्टरच्या कापडात शिरतो आणि पुढची दोन-तीन दळणं पोळीला ठसका देत राहतात. हळकुंड आधी खलबत्त्यात फोडावं लागतं. वर्षाचं तिखट डंकावर कांडून आणावं, तेच बरं.

ते फिल्टरचं कापड हा या यंत्राचा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. पात्यांच्या वाऱ्याने पीठ डब्यात ढकललं जातं आणि हवा या कापडातून बाहेर पडते. कापड पिठाने बुजलं की हवा दाराच्या फटीतून निघते आणि सोबत पीठ. 'दारातून पीठ उडतं' म्हणून लोक रबराची पट्टी बदलून घेतात, दोष असतो कापडाचा. १०-१५ किलो दळल्यावर ते बाहेर झटकायचं, महिन्यातून एकदा साबणाशिवाय धुऊन कडकडीत वाळवायचं. दमट लावलं तर बुरशीचा वास थेट पिठात उतरतो. जोड कापड पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावं.

प्रत्येक दळणानंतर ब्रश फिरवणं टाळता येत नाही. दळण्याच्या कप्प्यात पन्नास-शंभर ग्रॅम पीठ उरतंच, आठवडाभर राहिलं तर टोके आणि अळ्या. धान्य बदलताना मूठभर नवं धान्य आधी दळून ते पीठ बाजूला काढावं, पहिल्या पिठाचा अंश त्यात निघून जातो. आणि दळलेलं पीठ कोमट असताना डब्याचं झाकण लावू नये. परातीत पसरून गार होऊ द्यावं, नाहीतर झाकणाखाली पाणी धरतं आणि पंधरा दिवसांत पिठाला किडीची जाळी लागते.

घ्यायचीच ठरली तर काय बघावं? पेटी. भुशाच्या बोर्डाची लॅमिनेट लावलेली पेटी दुकानात दिमाखदार दिसते, पण कोकणातल्या किंवा मुंबईच्या एका पावसाळ्यात, तळाशी फरशी पुसल्याचं पाणी लागून, ती फुगते. पत्र्याची किंवा चांगल्या प्लायची घ्यावी. वाइंडिंग तांब्याचं आहे हे बिलावर लिहून घ्यावं, आणि १ एचपी हा आकडा दाराच्या स्टिकरवर नव्हे, मोटरवरच्या माहितीच्या पट्टीवर वाचावा. दाणे संपल्यावर आपोआप थांबणाऱ्या मॉडेलचे तीन-चार हजार जास्त पडतात. माझ्या मते ते वाया. त्या पैशात जाळ्यांचा दुसरा संच येतो, आणि सर्किट बोर्ड ही बिघडणारी आणखी एक वस्तू घरात येत नाही. जोडणी १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच. एक्स्टेन्शन बोर्डवर सुरू होतानाचा झटका वायर तापवतो. आवाज मिक्सरसारखा असतो आणि पाऊण तास चालतो, तेव्हा फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर शेजाऱ्यांची आठवण ठेवावी. भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी आणि मागची बाजू महिन्यातून एकदा ओढून बघावी, पिठाच्या वासाने उंदीर येतात आणि वायर कुरतडतात.

काही जिल्हा परिषदांचा महिला व बालकल्याण विभाग घरघंटी अनुदानावर देतो. पंचायत समितीत विचारायला पैसे पडत नाहीत. पण त्यावर शेजारचं दळण घ्यायचा विचार असेल तर वॉरंटीचा कागद आधी वाचा, बहुधा ती घरगुती वापरापुरतीच असते. १ एचपीचं यंत्र दिवसभर चालवायचं नाहीच.

चौघांच्या घराला सर्वांत परवडणारी घरघंटी जुनी. हौसेने घेतलेल्या, वर्षभरात टीव्हीखालचं टेबल झालेल्या चक्क्या निम्म्या किमतीत मिळतात, आणि ९ हजारांना मिळाली तर वरचा बारा वर्षांचा आकडा सहावर येतो. बघायला जाताना एक किलो कोरडा गहू आणि अर्धा किलो हरभरा डाळ सोबत न्या. दार उघडून आधी वास घ्या. आंबूस असेल तर पेटीच्या बोर्डात ओल गेली आहे. रिकामी चालवून आवाज ऐका, खरखर म्हणजे बेअरिंग गेलं. एक किलो गहू दळायला बारा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर पाती झिजली आहेत, त्यांची किंमत भावातून कमी करा. शेवटी डाळ घाला. गव्हावर गोड चालणारी थकलेली मोटर हरभरा डाळीवर आवाज टाकते, आणि किंमत बोलायची ती त्यानंतरच.