जर्मनीत कुणाबरोबर राहावं: मराठी मैत्रिणींचा फ्लॅट की अनोळखी लोकांची वेगे?

जर्मनीत मास्टर्सला प्रवेश मिळाला, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी राहण्या-जेवण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) पैसे भरले, व्हिसाची तारीख हातात आली, की राहण्याचा प्रश्न उभा राहतो. तोवर पुण्या-मुंबईच्या तीन-चार मुलींचा व्हॉट्सॅप ग्रुप झालेला असतो आणि कुणीतरी लिहितं, ‘आपण मिळूनच फ्लॅट घेऊया ना!’ त्याच वेळी एखाद्या मिश्र वेगेतली रिकामी खोलीही दिसत असते. वेगे म्हणजे काही जणांनी वाटून घेतलेलं घर: प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि बाथरूम एकच. राहणारे दोन जर्मन, एक स्पॅनिश, चौथी तू.

जर्मनीच्या पश्चिम सीमेवरच्या आखेन शहरात मी दोन्ही प्रकारे राहिले आहे. दरमहा भाड्यात फारसा फरक पडत नाही, तेव्हा निव्वळ भाड्याकडे बघून ठरवू नकोस. घर कुणाबरोबर घेतेस यावर तुझे शनिवार-रविवार कसे जाणार, आजारपणात उशाशी कोण बसणार आणि तुझं जर्मन किती सुधारणार हे ठरतं. आपली माणसं भेटणारच नाहीत ही धास्ती तर मनातून काढूनच टाक. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत भारतीय विद्यार्थी ४९ हजारांच्या वर होते, इतर कुठल्याही परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त. आखेनसारख्या इंजिनिअरिंगच्या गावात बसमध्ये मराठी कानावर पडतं. ठरवून बाहेर पडली नाहीस तर दोन वर्षं आपल्याच माणसांत कशी गेली ते कळणारही नाही.

करार आणि पैसे

हा भाग रुक्ष आहे, पण मैत्रीत पहिली धुसफूस इथूनच सुरू होते, म्हणून आधी हाच.

मैत्रिणींनी मिळून फ्लॅट घेतला की करारावर सगळ्यांच्या सह्या असतात. मग घरमालक पूर्ण भाडं कुणाही एकीकडून मागू शकतो. घर सोडायचं तर नोटीसही सगळ्यांनी मिळूनच द्यावी लागते, साधारण तीन महिन्यांची. दुसऱ्या वर्षी कुणाला तरी म्युनिक नाहीतर स्टुटगार्टला इंटर्नशिप मिळते. ती आनंदात निघते, आपणही तिच्यासाठी खूश असतो, आणि आठवड्याभरात तिच्या खोलीचं भाडं कुणी भरायचं यावरून बोलणं अवघड होऊन बसतं. हे घर घेण्याच्या दिवशीच बोलून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा: जी आधी जाईल तिने बदली मुलगी शोधायची, आणि ती मिळेपर्यंत भाडं तिचंच.

दुसरं म्हणजे, तिथला रिकामा फ्लॅट खरोखरच रिकामा असतो. ओटा, सिंक, कधी कधी छताचे दिवेसुद्धा आधीचा भाडेकरू काढून नेतो. त्यात नुसत्या भाड्याच्या (हीटिंग-पाण्यासारखे खर्च सोडून) तिपटीपर्यंत डिपॉझिट घेता येतं. सुरुवातीला एकदम बरीच रक्कम लागते.

मिश्र वेगेत हे सगळं तयार मिळतं. बहुतेक वेळा मूळ भाडेकरू दुसराच असतो आणि तू पोटभाडेकरू. त्यामुळे एक गोष्ट पक्की विचारून घे: आनमेल्डुंग होणार ना? म्हणजे त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येईल ना? घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. ते पत्र द्यायला जो का-कू करतो, त्याची खोली कितीही छान असली तरी घेऊ नकोस. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी महिना १८.३६ युरो आहे आणि ती घरटी एकच भरायची असते, त्यामुळे दोन्हीकडे ती वाटली जाते.

स्वयंपाकघर

मराठी फ्लॅटचं सुख इथे आहे. संध्याकाळी लायब्ररीतून सात वाजता परत यावं, बाहेर पाच वाजल्यापासूनच अंधार, पायमोजे ओले, आणि दार उघडताच कुकरची शिट्टी. आळीपाळीने स्वयंपाक केला की आठवड्यातून दोनदाच हात लावावा लागतो आणि खर्चही निम्म्यावर येतो. पहिल्या सत्रात, अभ्यासक्रम अंगावर येत असताना, ही फार मोठी मदत असते.

पण याच स्वयंपाकघरात भीड आड येते. तिने माझं तूप संपवलं, भांडी तशीच ठेवली, तिचा मित्र रोज जेवायला असतो. आपण मुली हे तोंडावर बोलत नाही. मैत्रीण आहे, कसं सांगायचं? मग अढी बसते, आणि एक दिवस भलत्याच कारणावरून भांडण होतं. शाळेपासूनच्या मैत्रिणी एका फ्लॅटमध्ये वर्षभर राहून बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्या आहेत, तेही एका फ्रीजमधल्या जागेवरून.

मिश्र वेगेत फ्रीजचा कप्पा तुझा म्हणजे तुझाच. आमच्या फ्रीजवर पुठ्ठ्याची दोन चकत्यांची तबकडी लावलेली होती. आतल्या चकतीवर चौघांची नावं, बाहेरच्या चकतीवर कामं: बाथरूम, स्वयंपाकघर, कचरा, जिना. दर रविवारी कुणीतरी आतली चकती एक घर पुढे सरकवायचं. कुणाचं काम राहिलं तर दुसरा सरळ सांगायचा, ‘कचरा तुझ्याकडे आहे, उद्या कागदाची गाडी येते.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा चेहरा पडला होता. पुढे लक्षात आलं की बोलून झालं की त्यांच्या मनात काही उरत नाही, रात्री तोच मुलगा चहा घेणार का विचारायला येतो. सरळ बोलायचं कसं हे मी त्या तबकडीजवळ शिकले आणि आता मराठी मैत्रिणींशीही तसंच बोलते.

फोडणीचं काय, हे सगळ्या मुली विचारतात. कुणी हाकलून देत नाही. दार लावायचं, खिडकी उघडायची, हिंगाची डबी घट्ट बंद ठेवायची. जानेवारीतही दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडाव्या लागतात, नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि ते पैसे डिपॉझिटमधून जातात. मराठी फ्लॅटमध्ये थंडीच्या भीतीने खिडक्या बंदच राहतात, वर रोज भात शिजत असतो. तिथे तर जास्तच सांभाळा.

शनिवार-रविवार

आखेनहून आणखी दोन देश चालत गाठता येतात. शहरातली बस नेदरलँड्समधल्या फाल्सला सोडते, तिथून टेकडी चढली की जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमा जिथे मिळतात तो दगड. टेकडीची उंची जेमतेम ३२२ मीटर, पण युरोपातल्या नेदरलँड्समधलं सर्वांत उंच ठिकाण तिच्यावरच आहे. विद्यापीठाच्या सत्र-शुल्कात देशभराचं लोकल तिकीट येतं. त्यावर साध्या रेल्वे आणि बस चालतात, आयसीईसारख्या जलद गाड्या नाहीत. कोलोन सुमारे तासाभरावर. रहिवासी परवाना असला की शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, फक्त पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ हवं.

मराठी मैत्रिणींबरोबरचा प्रवास भरगच्च असतो. ब्रसेल्स, ब्रूज, अॅमस्टरडॅम, एका सुट्टीत जमेल तेवढं. एक खोली चौघींत, सोबत दशम्या आणि लसणाची चटणी, रात्री दोनपर्यंत गप्पा. एकीला भीती वाटली तर दुसरी हात धरते. जग बघायची भूक असते तेव्हा असा प्रवास करावाच, तोही स्वस्तात होतो. त्यात एकच गोष्ट राहून जाते: अनोळखी माणसाशी बोलण्याची वेळ क्वचितच येते. स्टेशनवर विचारणारी एक ठरलेली, बाकीच्या तिच्या मागे.

वेगेतल्या लोकांबरोबर मी आयफेलच्या राष्ट्रीय उद्यानात चालायला गेले. तारीख तीन आठवडे आधी ठरलेली, निघायची वेळ ८ वाजून १२ मिनिटं, प्रत्येकाचा डबा आपापला, खर्च ज्याचा त्याचा. मला ते फार कोरडं वाटलं होतं. मग दिवसभर जंगलातून चालताना, दोन माणसं बरोबर चालतील एवढ्याच वाटेवर, माझ्या शेजारी चालणारी मुलगी हळूहळू बोलायला लागली. तिच्या आईवडिलांचा घटस्फोट, तिचं सोडून दिलेलं पहिलं शिक्षण. मी तुटक्या जर्मनमध्ये माझ्या आजीबद्दल सांगितलं. शब्द अडले की ती थांबायची, इंग्रजीकडे वळायची नाही. मैत्री व्हायला तिथे वेळ लागतो हे सगळेच सांगतात. माझा अनुभव असा की ती बहुधा असंच काहीतरी करता करता होते, चालताना, सायकल दुरुस्त करताना, गायनवर्गात. नुसतं गप्पा मारायला बसून ती होत नाही.

ताप आला तर

इथे दोन्ही घरांतला फरक मला सगळ्यांत जास्त जाणवला.

मराठी फ्लॅटमध्ये ताप आला की कुणाला सांगावं लागत नाही. मऊ भात, मेतकूट, कपाळावर हात, आईला ‘काकू, काळजी करू नका, आम्ही आहोत’ असा फोन. मिश्र वेगेत तू दोन दिवस खोलीबाहेर आली नाहीस तर लोक समजतात तुला एकटं राहायचं आहे. त्यांच्या दृष्टीने तोच आदर. तिथे दार उघडून सांगावं लागतं: मला बरं नाही, मदत हवी. सांगितलंस की ते सगळं सोडून येतात. रविवारी डॉक्टर हवा असेल तर ११६११७ हा नंबर आहे, जिवावरचं असेल तर ११२. पलीकडून भराभर जर्मन बोललं जातं तेव्हा शेजारच्या खोलीतली जर्मन मुलगी फोन हातात घेते, आणि तो आधार मेतकुटाइतकाच मोलाचा असतो.

नाताळात मात्र मिश्र घर ओस पडतं. सगळे आपापल्या गावी जातात, २४ तारखेला दुपारी दुकानं बंद होतात, २५ आणि २६ला सुट्टी. कुणी घरी बोलावलं तर नक्की जा. नाहीतर ते तीन दिवस कुठल्या मराठी घरी काढायचे हे नोव्हेंबरमध्येच ठरवून ठेव.

घरचे फोन

हे फारसं कुणी लिहीत नाही. मराठी फ्लॅटमध्ये सगळ्यांचे आईवडील एकमेकांना ओळखायला लागतात. व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागून कोण गेलं, तू काल किती वाजता आलीस, हे कोल्हापूरपर्यंत पोचतं. काही मुलींना ते बरं वाटतं, काहींचा जीव गुदमरतो. मिश्र वेगेत तो मोकळेपणा मिळतो, पण तिथे मुलगेही राहतात हे आईबाबांना सांगावं लागतं. लपवू नकोस. फार अडत असेल तर फक्त मुलींच्या वेगे असतात, जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

मग काय निवडायचं?

घर सोडून पहिल्यांदाच राहणार असशील आणि जर्मन ए१च्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, आसपास असेल, तर पहिलं सत्र मराठी मैत्रिणींबरोबर किंवा विद्यार्थी वसतिगृहात काढ. वसतिगृहाची यादी लांब असते, म्हणून प्रवेशपत्र येताच अर्ज टाक. दुसऱ्या सत्रात मिश्र वेगेत जा.

मॅक्समुल्लर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये बी१पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन शिकून निघाली असशील तर सरळ मिश्र वेगेत जा. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि त्या काळात स्वयंपाकघरात शिकलेलं जर्मन मुलाखतीत उपयोगी पडतं. मराठी मैत्रिणी त्याच गावात असू देत, चालत जाण्याच्या अंतरावर. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे, झोपायला आपल्या खोलीत. माझी सगळ्यांत जवळची मराठी मैत्रीण आम्ही वेगवेगळ्या घरांत राहायला लागल्यावरच जवळची झाली.

वेगेत निवड मुलाखतीसारखी होते, भारतातून ती व्हिडिओ कॉलवर करता येते. तिथे अभ्यासातल्या हुशारीबद्दल बोलत बसू नकोस. काय शिजवतेस, कधी उठतेस, कशाने चिडतेस ते सांग. तूही विचार: भांडी किती वेळ पडून असतात, पाहुणे किती येतात, शेवटचं भांडण कशावरून झालं? आणि ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली टपालाने येईल’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांब. घरातल्या माणसांशी व्हिडिओवर बोलल्याशिवाय आणि करार वाचल्याशिवाय एक युरोही पाठवू नकोस.