हार्ड डिस्कचा नंबर लिहून घेतल्याशिवाय कॉम्प्युटर दुकानात सोडू नका

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बंद पडली. ती दुरुस्त करून देतो म्हणून आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्याच एका बाजारपेठेतल्या दुकानदाराने माझ्याकडून 12,600 रुपये घेतले. पैशांचं दुःख मी गिळलं असतं. पण त्या डिस्कवर माझ्या सासऱ्यांची नाटकं होती, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मामंजी दशावतारात स्त्रीपार्टी होते, म्हणजे नाटकात बायकांची कामं करायचे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की माणूस घरी दिसायचा नाही. आज या देवळात, उद्या त्या देवळात. 2006 पासून पुढची सात-आठ वर्षं माझ्या यजमानांनी सुट्टी काढून मुंबईहून येऊन त्यांची नाटकं हँडीकॅमवर घेतली. अशी 38 नाटकं होती. आधी ती डीव्हीडीवर होती. आमचं घर आचऱ्याच्या बाजूला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात लाकडी कपाटालासुद्धा बुरशी येते, तिथे डीव्हीडी किती टिकणार? तबकड्यांवर पांढरट डाग पडायला लागले तेव्हा सगळं काढून कॉम्प्युटरच्या 1 टीबीच्या हार्ड डिस्कवर घेतलं. मामंजी गेले त्याला आता सहा वर्षं झाली. दुसरी प्रत आम्ही कुठेच ठेवली नव्हती.

मी घरून कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला विकते. ऑर्डरी, बिलं, गिऱ्हाइकांचे पत्ते सगळं त्याच कॉम्प्युटरवर. जूनच्या पहिल्या पावसात दोन दिवस लाईटचा खेळ चालला होता. तिसऱ्या दिवशी बटण दाबलं तर पंखा फिरला, लाल दिवा लागला, पण काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नसल्याची इंग्रजी ओळ आली. पुन्हा बंद-चालू केलं, तीच ओळ. तेव्हा आतून कसलाही वेगळा आवाज येत नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

शेजाऱ्यांच्या रिक्षात घालून मशीन दुकानात नेलं. दुकानदाराने झाकण काढलं, पाच मिनिटं काहीतरी केलं आणि म्हणाला, "वैनी, डिस्क उडाली. मशीन ठेवून जावा, मी उघडून बघतंय." संध्याकाळी फोन आला. आतली सुई मोडली आहे, डेटा काढायचा तर डिस्क पुण्याला पाठवावी लागेल, खर्च 16,000, त्यातले अर्धे आधी. शिवाय मशीन चालू करायला नवी 1 टीबीची डिस्क 3,900 आणि त्याचे 700 रुपये सर्व्हिस चार्ज. मी यजमानांना फोन केला. ते म्हणाले, बाबांची नाटकं आहेत, पैशांकडे बघू नकोस. तासाभरात मी सगळे पैसे मोबाईलवरून पाठवले. पावती म्हणून लेटरपॅडवरचा एक कागद मिळाला. त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, डिस्कचा नंबर नव्हता, नुसतं ‘हार्ड डिस्क रिपेअर व नवीन’.

आज वाटतं, "उघडून बघतंय" हे शब्द ऐकले तेव्हाच मशीन उचलून घरी आणायला हवं होतं. हार्ड डिस्कच्या पोटात चकचकीत तबकड्या असतात. आमच्यासारख्या मशीनमध्ये त्या मिनिटाला 5,400 किंवा 7,200 वेळा फिरतात, आणि वाचणारं हेड त्यांच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत जातं. माणसाचा केस 70-80 हजार नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे धुळीचा डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा त्या हेडपुढे डोंगर होतो. म्हणून हेड बदलायचं काम हवा गाळून धूळमुक्त केलेल्या खोलीतच करतात. दुकानाच्या टेबलावर, पंख्याखाली, शेजारी चहाचा ग्लास ठेवून जो डिस्क उघडतो, तो एकतर तुमची डिस्क मारतो आहे, नाहीतर न उघडताच खोटं बोलतो आहे. माझ्या बाबतीत दुसरं होतं.

जुलै असाच गेला. मी दर चार दिवसांनी फोन करायचे. "पुण्याहून निरोप येऊक नाय." "पावसामुळे कुरिअर अडकला हा." महिनाअखेरीस व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीचा मेसेज आला की डेटा निघत नाही. आधी दिलेले 8,000 परत मिळणार नाहीत, ते लॅबने तपासणीचे घेतले. कुठली लॅब, तिचा कागद कुठे, हे विचारलं तर उत्तर नाही. खऱ्या लॅबचा लेखी रिपोर्ट असतो, आणि बऱ्याच ठिकाणी डेटा निघाला नाही तर पैसे घेत नाहीत किंवा ठरावीक तपासणी शुल्कच घेतात, हे मला नंतर समजलं. जुनी डिस्क त्याने चंदेरी पिशवीत घालून, वर खाकी चिकटपट्टी गुंडाळून परत दिली. मी ती पिशवी घरी आणून देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवली. उघडायची इच्छाच झाली नाही.

ऑगस्टच्या मध्यावर ‘नवी’ डिस्कही दिसेनाशी झाली. तोच काळा पडदा आणि तीच ओळ. मी पार खचले. दुकानदार म्हणाला, तुमच्या घरचं व्होल्टेजच खराब, आणखी एक डिस्क घाला. मी म्हटलं, चवथ होऊ दे, मग बघू.

चतुर्थीला माझा भाचा पुण्याहून आला. तो कॉम्प्युटरच्या कामातच आहे. आरती झाली, जेवणं झाली आणि रात्री अकराला तो बॅटरी घेऊन मशीनपुढे बसला. मी शेजारी. त्याने डिस्कला जोडलेली बोटभर रुंदीची चपटी लाल केबल उपसली आणि टोक माझ्यापुढे धरलं. "मामी, हे बघ." आत सात बारीक पट्ट्या होत्या. त्यातल्या तीन पिवळ्याधमक होत्या, बाकीच्यांवर हिरवट-काळी पूड धरली होती, तांब्याच्या देवाला चिंच न लावता महिनाभर ठेवलं की चढते तशी. खारा वारा आणि ओल. त्याने दुसऱ्या दिवशी कणकवलीहून दीडशे रुपयांची नवी केबल आणली, डिस्कवरचे संपर्काचे दात स्पिरिटने पुसले, आणि मशीन चालू झालं.

दोन मिनिटं मी आनंदात होते. मग माझ्या लक्षात आलं आणि पोटात खड्डा पडला. जूनमध्येही हेच झालं असणार. माझी जुनी डिस्क मेलीच नव्हती.

भाच्याने मशीनवर ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवला. डिस्क एकूण किती तास चालली हे ती स्वतःच नोंदवून ठेवते आणि हा प्रोग्रॅम ते दाखवतो. मला जुलैच्या सुरुवातीला नवी म्हणून दिलेल्या डिस्कवर आकडा होता 27,412. वर्षाचे तास होतात 8,760. म्हणजे अहोरात्र तीन वर्षांहून जास्त चाललेली डिस्क मला 3,900 रुपयांना नवी म्हणून विकली होती. हा आकडा पुसणारे लोकही असतात, त्यामुळे तो कमी दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. डिस्कवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या वेबसाईटवर घालून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. नवीन वस्तूची वॉरंटी तीन वर्षांपूर्वी संपलेली नसते. आमची तशीच निघाली.

मग देव्हाऱ्याखालची पिशवी काढली. यजमानांना कागद टाकून द्यायची सवय नाही, म्हणून कॉम्प्युटर घेतला तेव्हाचं बिल फाईलमध्ये सापडलं, त्यावर डिस्कचा सिरीयल नंबर छापलेला. पिशवीतल्या डिस्कवरचा नंबर वेगळाच होता. माझी म्हणून परत दिलेली ती मेलेली डिस्क माझी नव्हतीच. तिला वीज जोडली की आतून टक्-टक्, टक्-टक् असा आवाज यायचा. हेड बिघडलं की असा आवाज येतो. माझ्या डिस्कने असा आवाज कधीच केला नव्हता.

आम्ही पाचव्या दिवशी गणपती विसर्जन करून दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मी बिल, पैसे पाठवल्याच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि दोन्ही डिस्कचे फोटो छापून नेले होते. आधी त्याने मलाच उलट सुनावलं. मग भाच्याने शांतपणे नंबर वाचून दाखवले आणि लेखी तक्रार पोलीस ठाण्यात देतो म्हणाला, तेव्हा सूर बदलला. "अदलाबदल झाली असात, माका दोन दिवस देवा." दोन दिवसांनी त्याने एक डिस्क आणून दिली. नंबर जुळला. ती त्याने पुसून, विंडोज टाकून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये बसवून विकली होती.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एक गोष्ट जिवापाड सांभाळा. पुसलेली डिस्क परत मिळाली की तिच्यावरून मशीन चालू करू नका, तिच्यावर एकही फाईल टाकू नका. झटपट होणाऱ्या ‘क्विक’ फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त फायलींची यादी जाते, माल जागेवर असतो. त्या जागी नवीन काही लिहिलं गेलं की तेवढा कायमचा जातो. भाच्याने ती डिस्क यूएसबीच्या जोडणीतून आपल्या लॅपटॉपला लावली आणि ‘फोटोरेक’ या फुकट प्रोग्रॅमने जे सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर काढत गेला. रात्र आणि दुसरा अख्खा दिवस ते चालू होतं. मी स्वयंपाक टाकून दर थोड्या वेळाने आकडा बघायला यायचे. 38 पैकी 24 नाटकं पूर्ण मिळाली, पाच तुटक. नऊ गेली. फायलींची नावं उरली नाहीत, इंग्रजी ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा. कुठलं नाटक कुठल्या देवळातलं हे मामंजींच्या जुन्या सोबत्यांना बोलावून, एकेक लावून ओळखायचं काम अजून चालू आहे. त्यातल्या एकात नाटक नाहीच, अकरा मिनिटं देवळाच्या पडवीत मामंजी पेटीवर ठेवलेल्या आरशाच्या तुकड्यात बघून कुंकू रेखताहेत आणि यजमानांना म्हणताहेत, "उजेड वायच हयसर धर." हे घेतलेलं आम्हाला कोणालाही आठवत नव्हतं.

त्या डिस्कवर आमचे आधार, पासबुक, सातबारा यांचे फोटोही होते, आणि ती दोन महिन्यांहून जास्त कोणाकोणाच्या हातात होती. आम्ही दोघांच्या आधारचे बायोमेट्रिक लॉक केले, बँकेचे पासवर्ड बदलले आणि पोलिसांत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली.

पैसे त्याने परत केले नाहीत. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली, आणि मुदत संपल्यावर ओरोसच्या जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाईन तक्रार दाखल केली. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. माझ्या कागदांत सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जुन्या बिलावरच्या त्या नंबरचा. तो नसता तर माझ्या हातात नुसता संशय होता. डिस्कवर पांढऱ्या कागदाची चिकटपट्टी असते, त्यावर ‘एस/एन’ लिहून पुढे नंबर असतो. मशीन दुकानात न्यायच्या आधी झाकण काढून त्याचा फोटो घ्या, आणि दुकानदाराकडून पावतीवर तोच नंबर लिहून सही घ्या. तो नको म्हणाला तर मशीन घरी आणा. आणि त्याच्याही आधी केबल बदलून बघा.

ती टक्-टक् करणारी डिस्क माझ्याकडे आहे. दुकानदाराला मी ती परत दिली नाही, एक तर पुरावा आहे, आणि दुसरं म्हणजे ती त्याची नाही. तिच्या कडेला औषधाची पांढरी चिकटपट्टी लावली आहे आणि त्यावर निळ्या पेनाने, बाईच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘बाळाचे फोटो’. गेल्या वर्षी मे-जूनच्या सुमारास तुम्ही आपल्या जिल्ह्यात कुठे डिस्क दुरुस्तीला दिली असेल, आणि ती हरवली किंवा डेटा निघाला नाही असं तुम्हाला सांगितलं असेल, तर तुमचं जुनं बिल शोधा आणि मला त्यावरच्या नंबरचे शेवटचे चार आकडे कळवा. मी जुळवून बघते.