परतवाड्याचं गॅरेज : ऑटोमॅटिक गाडीचा गेर घसरत असल तर आधी इथं दाखवा

आमची पेट्रोल ऑटोमॅटिक आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गेरबॉक्सला पोचते ती. एप्रिलमधे चिखलदऱ्याच्या घाटात चढावर ॲक्सिलेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, आरपीएमचा काटा ४ हजारावर आणि गाडी तिथल्या तिथंच, मागं आई-बाबा बसलेले, खरंच भेव वाटलं. नंतर शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमधे नेली तर त्यांनी एक चक्कर मारून सरळ सांगितलं, गेरबॉक्स गेला, १ लाख १० हजार लागतील. गेरबॉक्सचं तेल पाहिलं नाही, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला नाही.

मग गावातल्या एकानं परतवाड्याच्या या मिस्त्रीकडं पाठवलं. त्यानं बोनेटला हात लावायच्या आधी १५ मिनिटं नुसतं विचारलं, गाडी थंडी असताना होते का गरम झाल्यावर, सपाटीवर होते का चढावरच, रिव्हर्स टाकल्यावर गाडी लगेच उचलते का थांबून. मी म्हटलं भाऊ गेरबॉक्स खोलावा लागल म्हणतात, तर म्हणे "खोलाची घाई कायले करता, आधी तेल तं पाहू द्या."

स्कॅनर लावून मला बाजूला बसवून १२ किलोमीटर फिरवून आणली. पी ०७३० कोड निघाला, म्हणजे गेरचं गणित जुळत नाही, पण हा कोड काय होतंय ते सांगतो, काहून होतंय ते नाही, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. मग गाडी सपाट जागी, इंजिन चालू ठेवून गेरच्या तेलाची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, पांढऱ्या फडक्यावर पुसली. तेल लाल नव्हतं, तपकिरी झालेलं, पण जळका वास नव्हता, आणि लेव्हल खुणेच्या बरीच खाली. खालून पाहिलं तर गेरचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपाला क्लिपपाशी ओल, त्यावर धूळ चिकटून थर झालेला. अशा ऑटोमॅटिकमधे तेलाच्या प्रेशरवरच क्लच प्लेटी दाबल्या जातात, तेल कमी आणि त्यात गाडी चढावर तिरपी म्हणजे पंप हवा ओढते, प्रेशर पडतं, प्लेटी घसरतात. असंच चालवत राहिलो असतो तर प्लेटी जळून खरंच लाखाचं काम निघालं असतं.

गेरबॉक्सखालचं तेलाचं चेंबर खोलल्यावर त्यातल्या चुंबकावरचा गाळ बोटावर घेऊन मला दाखवला, बारीक काळं पीठ चालते, चकाकणारा कीस नको, आणि कीस नव्हता. पाइप बदलला, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल भरलं. एका वेळी सगळं तेल निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमधे राहते, म्हणून २ हजार किलोमीटरनं परत बोलावलं. सगळं मिळून ७ हजार ८००.

तक्रार म्हणाल तर ते तेल अमरावतीहून यायला दोन दिवस लागले, आणि बसायला सावली नाही, मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला नेऊ नका. पक्कं बिल मागितल्यावर मिळालं. एएमटीवाल्यांनी (म्हणजे साध्याच गेरबॉक्सचा क्लच-गेर मशीन बदलते त्या गाड्या) हे तेलाचं आपल्या गाडीला लावू नका, त्यात क्लच वेगळा असतो, तसं स्पष्ट सांगून दाखवा.

परवा आई-बाबांना घेऊन परत चिखलदऱ्याला गेलो, काटा कुठंच उगाच वर गेला नाही. रविवारी बंद असते. थंडी गाडी पाहायची असते त्याला, म्हणून आदल्या संध्याकाळीच नेऊन लावा.