डॉट ३ की डॉट ४?

ठाण्यात पावसाळा म्हणजे चार महिने दमट हवा, आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. माझ्या फोर बाय फोरमध्ये आधी डॉट ३ या प्रतीचं ब्रेक ऑइल होतं. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, ३.७ टक्के पाणी मुरलं की १४०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. माळशेज घाट उतरताना तापलेलं तेल उकळून त्यात वाफ झाली आणि ब्रेकचं पेडल स्पंजासारखं आत गेलं, तेव्हा हा फरक पायाला कळला. गॅरेजमध्ये काढलेलं तेल कोऱ्या चहासारखं काळपट होतं! डॉट ४ जरा महाग, पण घाटात जाणाऱ्यांनी तेच घ्यावं. डॉट ३ च्या गाडीत ते चालतं, उलट नको. सिलिकॉनचं डॉट ५ तर यात चुकूनही मिसळू नका. आणि नुसतं टॉप-अप पुरत नाही. दर दोन वर्षांनी चारही चाकांना ब्लीड करून घ्या, म्हणजे जुनं तेल आणि हवा काढून नवं तेल भरून घ्या.