टाचेतून ‘पू’ काढण्याच्या नावाखाली माझे ८०,००० रुपये लुबाडले

या टोळ्या कशा काम करतात हे तुम्ही ऐकलं असेलच. लंगडत चालणाऱ्या माणसाला दवाखान्याबाहेर हेरायचं, ‘माझ्या आईलाही हेच होतं’ म्हणायचं, मग ‘डॉक्टर’ घरी येतो, नळीने पू ओढतो आणि तुंबडीवर, म्हणजे नळीच्या एकेका ओढीवर, हिशोब लावतो. मीही ऐकलं होतं, पण गुडघ्याच्या बाबतीत. माझं दुखणं टाचेचं आणि घोट्याचं. त्यामुळे समोर तेच चाललंय हे डोक्यात आलंच नाही.

शिवाय दवाखान्याबाहेर भेटलेला तो माणूस जे बोलला ते खरं होतं. "मावशी, सकाळी पलंगावरून उतरलात की पहिली चार पावलं टाचेत खिळा टोचतो ना? मग चाललं की कमी होतं, आणि बसून उठलं की पुन्हा?" अगदी तसंच होत होतं. हाडांच्या डॉक्टरांनी मला दोन मिनिटं दिली होती. एक्स-रे बघून ‘टाचेचं हाड वाढलंय’ म्हणाले आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. का दुखतंय, किती दिवस दुखेल, काही नाही. आणि हा रस्त्यावरचा माणूस माझं दुखणं जसंच्या तसं सांगत होता. कुणाचाही विश्वास बसला असता.

आता कळलंय की ते सांगायला कसलंही ज्ञान लागत नाही. तळपायाला टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. टाचेजवळ तो दुखावला की सकाळची पहिली पावलं बहुतेकांना तशी टोचतात. प्लांटर फॅसायटिस म्हणतात त्याला. टाच दुखणाऱ्या कुणालाही हा प्रश्न विचारा, उत्तर बहुधा ‘हो’च येतं.

‘डॉक्टर’ संध्याकाळी घरी आला. स्वच्छ शर्ट, बॅग, हातमोजे. "दोनचार तुंबड्या निघतील, एका तुंबडीचे ३,५००," असं आधीच सांगितलं. लपवाछपवी नाही म्हणून मला उलट बरं वाटलं. टाचेवर बारीक चीर दिली, नळी लावून तोंडाने ओढलं आणि वाटीत पिवळा घट्ट थेंब टाकला. मग दुसरा. मग घोट्याच्या बाजूला. यजमान बाजूला बसून मोजत होते, पण त्यांनाही तो पिवळा रंग बघून भीती वाटायला लागली होती.

मग तो म्हणाला, "उजव्या पायातही उतरलंय, तोही साफ करावा लागेल." माझा उजवा पाय कधी दुखलाच नव्हता. त्याने नळी लावली आणि त्या धडधाकट पायातूनही तोच पिवळा थेंब निघाला. तसाच रंग, तेवढाच घट्ट. हा तो क्षण. तिथेच मी उठायला हवं होतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं, की बरं झालं, वेळेत सापडलं. माझ्या भीतीचा धंदा कसा करायचा हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. रात्री झोप लागत नाही ती याच विचाराने. दुखऱ्या पायाचं जाऊ दे, न दुखणाऱ्या पायात पू कुठून आला, एवढं तरी विचारायला हवं होतं.

पू असता तर टाच लाल झाली असती, गरम झाली असती, ठणकली असती, ताप आला असता. शिवाय तळटाचेत ती पट्ट्याची जागा दुखते, तिथे सांधाच नाही. आणि घोट्याच्या सांध्यात जे वंगणासारखं पाणी असतं ते निरोगी माणसात चमचाभरही नसतं. खरे डॉक्टर ते गरज पडली तर निर्जंतुक सुईने काढतात आणि तपासणीला पाठवतात, तोंडाने ओढून वाटीत टाकत नाहीत.

हिशोब असा. २२ तुंबड्या, ७७,००० रुपये. वर ‘आतून वात सुकवणारं’ भस्म, ८,४०० रुपये. एकूण ८५,४००. "मावशी म्हणून ५,४०० सोडले," म्हणाला. ८०,००० पैकी १२,००० रोख दिले, ६८,००० यूपीआयने. पावती मागितली तर "उद्या औषधासोबत पाठवतो" म्हणाला. पैसे गेले ते खातं भलत्याच माणसाच्या नावावर निघालं. नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

आता पोलिसांबद्दल. चौकीत पहिला प्रश्न, "मावशी, पैसे तुम्ही स्वतःच दिलेत ना?" हो, दिले, फसवून घेतले म्हणून तर आले! मग म्हणाले, तो माणूस दवाखान्याबाहेर भेटला, ती आमची हद्द नाही. तिकडे गेलो तर तिथले म्हणतात, प्रकार घरात घडला, घराच्या हद्दीत जा. नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे त्यांना मी सांगायचं? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तर तिथे विचारलं की हा ऑनलाइन गुन्हा आहे का. बँक म्हणाली, व्यवहार तुमच्या पिनने झालाय. महापालिकेच्या आरोग्य विभागात गेलो, तर त्याच्या दवाखान्याचा पत्ता मागितला. अहो, पत्ता असता तर तो भामटा कशाला असता! महाराष्ट्रात १९६१ पासून वैद्यक व्यवसायी कायदा आहे, नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणं गुन्हा आहे. पण ज्याच्या टेबलावर जावं तो दुसरं टेबल दाखवतो. तोपर्यंत ते खातं रिकामं होतं आणि ही टोळी पुढच्या दवाखान्याबाहेर उभी राहते. एका साहेबांनी तर हसून विचारलं, "शिकलेल्या दिसता, तरी?" शिकलेल्या माणसाचा पाय दुखत नाही का?

तक्रार तोंडी करू नका. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात १९३० आणि बँक दोन्हीकडे कळवा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी कळवलं, तेवढ्यात ६८,००० पुढे सरकले होते.

त्या नळीने आणखी किती जणांचं ओढलं असेल देव जाणे. नंतर गेले त्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि कावीळ बी, सी व एचआयव्हीच्या तपासण्या लिहिल्या. त्या काही काळाने पुन्हाही करायच्या आहेत. घरात मधुमेही असेल तर पायाला अशी चीर कुणालाही देऊ देऊ नका. त्यांना जखम अनेकदा कळतही नाही आणि चिघळते.

याच डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. वाढलेलं हाड न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेतही दिसतं, दुखतो तो पट्टा. घोटा दुखतो कारण तो पूर्वी जबर मुरगळला होता. घोट्याची झीज गुडघ्यासारखी नुसत्या वयाने फारशी होत नाही, बहुतेकदा जुन्या दुखापतीमुळे होते. मुरगळल्यानंतर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर लगेच एक्स-रे काढावा. अंगठ्याचा सांधा रात्रीत लाल होऊन सुजला तर युरिक अ‍ॅसिडचा विचार करतात, त्याला वेगळी औषधं आहेत.

मला दिलंय ते असं. पोटरी आणि तळपाय ताणण्याचे व्यायाम, सकाळी पाय जमिनीवर टेकवण्याआधी सुद्धा. घरातही मऊ चप्पल, फरशीवर अनवाणी नाही. घोट्याला आधाराचा पट्टा. काही महिने लागतील, असं त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. एका बैठकीत बरं करतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, आणि त्याच्या गाडीचा नंबर लिहून ठेवा. माझ्या यजमानांनी टोळीच्या स्कूटरचे शेवटचे चार आकडे लिहिले होते. ते आणि यूपीआय व्यवहाराचा क्रमांक मी अर्जाला जोडलाय. गुन्हा अजून नोंदवलेला नाही. आता पोलीस आयुक्तालयात लेखी तक्रार देतेय. याच पद्धतीने कुणाचे पैसे गेले असतील तर त्यांनीही आपापल्या ठाण्यात अर्ज द्यावा. एकटीच्या अर्जाकडे कुणी ढुंकून बघत नाही.