आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीची चाकं झिजली: तयार चाकं घ्यावीत की नुसते टायर?

टायर गुळगुळीत झाला म्हणजे अख्खं चाक गेलं असं नाही. आधी नट घट्ट आहे ना ते पाहा, मग चाक काढून मधली षटकोनी खाच तपासा. कोपरे गोल झाले असतील तर थ्रॉटल दिल्यावर एक्सल नुसता फिरतो, चाक जागच्या जागी. अशा रिमवर नवा टायर चढवणं म्हणजे तळ गेलेल्या चपलेला नवा अंगठा लावणं. तिथे तयार चाकंच घ्या.

रिम शाबूत असेल तर मात्र विचार करायला जागा आहे.

तयार चाकांत टायर, फोम, रिम सगळं चिकटवून येतं. नट काढा, चाक बसवा, पाच मिनिटांत गाडी अंगणात. 1:10 मापाच्या गाड्यांना बहुधा 12 मिमीचा हेक्स (त्या षटकोनी खाचेत बसणारा एक्सलवरचा तुकडा) लागतो, 1:8 ला 17 मिमीचा. पण हेक्स जुळला की झालं, असं समजून पुष्कळजण फसतात. ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) वेगळा असेल तर चाक आत सरकून सस्पेन्शनच्या आर्मला घासतं. टू-व्हील ड्राइव्हमध्ये पुढची-मागची चाकं अनेकदा वेगळी असतात, काहींच्या पुढच्या चाकात तर हेक्सच नसतो, बेअरिंग थेट चाकात बसतं. मोठ्या व्यासाचं चाक दिसतं झकास, पण गिअरिंग जड होऊन मोटर तापते. मग पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणखी लहान लावावा लागतो. शिवाय बसवण्याआधी टायरची कड अंगठ्याने दाबत एक फेरी मारा. सुटलेली जागा सापडली तर तिथे सुपरग्लूचा थेंब सोडा.

नुसते टायर घेतले की रबर आपल्या मनाचं निवडता येतं. मऊ रबर पकड छान देतं, पण डांबरी रस्त्यावर बघता बघता झिजतं. कष्ट आहेत जुना टायर सोडवण्यात. चाक पाण्यात उकळवून गोंद सैल करायचा (पातेलं स्वयंपाकघरातलं घेऊ नका, वास जाता जात नाही). मग टायरची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, रिमच्या खाचेत बसवायची आणि पातळ सुपरग्लू थेंबाथेंबाने फिरवायचा. खिडकी उघडी ठेवा, वाफेने डोळे चुरचुरतात. चार चाकांत संध्याकाळ जाते.

स्क्रूने आवळायचे बीडलॉक रिम गोंदाची कटकट वाचवतात, पण जड असतात. दगडांवर सावकाश चढणाऱ्या क्रॉलरला ठीक, वेगाच्या गाडीला नकोत.

मुलांसाठी किंवा रविवारपुरती गाडी असेल तर मी तयार चाकंच सुचवेन. जुने धड रिम टाकू नका, पावसाळ्यात घरी बसून सोडवता येतात. आणि काहीही घ्या, एका एक्सलची दोन्ही चाकं एकदम बदला. एक नवं, एक झिजलेलं ठेवलंत तर डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सरळ रस्त्यावरही सारखं राबत राहतं.