ट्रॅव्हल नर्स आहात? घराचे पैसे पाठवण्याआधी हे वाचा

भाड्याच्या घराच्या खोट्या जाहिरातीत माझे एकूण ३,६२५ डॉलर गेले. ७५ अर्जाचे, १,६५० पहिल्या महिन्याचं भाडं, १,६५० डिपॉझिट, २५० साफसफाईचे. आकडे मुद्दाम पूर्ण लिहितेय, कारण पंधरा दिवस मी घरातसुद्धा अर्धीच रक्कम सांगत होते.

मी ह्यूस्टनची, आयसीयूत ट्रॅव्हल नर्स, म्हणजे एजन्सीमार्फत काही आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर वेगवेगळ्या शहरांत काम करते. फीनिक्सचं हे माझं चौथं कॉन्ट्रॅक्ट होतं: १३ आठवडे, नाइट, आठवड्याला ३६ तास, जानेवारीत सुरू. टेक्सासचं नर्सिंग लायसन्स कॉम्पॅक्टमधलं, म्हणजे एकमेकांची लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारातलं, त्यामुळे ॲरिझोनात वेगळ्या लायसन्ससाठी थांबायचं नव्हतं. सही झाली तेव्हा जॉइनिंगला नऊ दिवस उरले होते. हिवाळ्यात उत्तरेकडची निवृत्त मंडळी फीनिक्सला उतरतात आणि फर्निचरसकट घरं मिळेनाशी होतात. एजन्सीचं घर घेतलं की स्टायपेंड, म्हणजे राहण्याचा भत्ता, जातो, म्हणून आपण बहुतेक जणी पैसे घेऊन घर स्वतः शोधतो. मीही तेच केलं, आणि त्यात माझी चूक होती असं मला आजही वाटत नाही. बारा तासांची नाइट करून आल्यावर झोप मोडून घरं शोधत होते मी.

जाहिरात ट्रॅव्हल नर्सच्या ग्रुपवरच दिसली. घरमालकीण परगावी, बोलायला अतिशय गोड, सगळं मेसेजवर. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

व्हिडिओ कॉलवर घर दाखवा, असं मी म्हटलं होतं. म्हटलं होतं! उत्तर आलं, "सध्या तिथे एक नाइटची नर्स राहते, दिवसा झोपलेली असते. तिची झोप मोडायला नको." आणि मी तिथल्या तिथे गप्प झाले. वर सॉरी लिहिलं. दिवसाची झोप आपल्याला किती मोलाची असते, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. अगं, पण तीन रात्री ड्यूटी म्हणजे चार रात्री ती घरीच असणार ना? संध्याकाळी ड्यूटीला निघण्याआधी ती जागी असणारच ना? वेळापत्रक माझंच, आणि मलाच सुचलं नाही. रात्री अंथरुणावर पडलं की अजून तो मेसेज डोळ्यांसमोर येतो.

त्यानंतर भाडेकरार आला, पार्श्वभूमी तपासणीसाठी म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर आणि लायसन्सचा फोटो मागितला. तेही दिलं, पैसेही पाठवले. दाराचा कोड पोचायच्या दिवशी मिळणार होता.

दोन दिवस गाडी चालवून पोचले. कोड लागेना. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. घर त्यांचंच, विकायला काढलेलं. फोटो त्या विक्रीच्या जाहिरातीतून उचललेले. म्हणाले, "या महिन्यात आलेल्या तुम्ही दुसऱ्या." काउंटीच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की मालकाचं नाव फुकट दिसतं. दोन मिनिटांचं काम. करा ते, दर वेळी करा.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. खात्यातून कुणी चोरून काढले तर कायदा तुमच्या बाजूने. फसवून तुमच्याच हातून पाठवायला लावले तर बहुतेकदा नाही. फीनिक्सच्या पोलिसांनी सांगितलं, पैसे जिथून पाठवले तिथे तक्रार करा. ह्यूस्टनच्या पोलिसांनी सांगितलं, घर जिथे आहे तिथे करा. दोन्हीकडे मी नाइट संपवून, न झोपता फोन धरून बसले होते. एकाने तर "हा दिवाणी मामला आहे" म्हणून ठेवूनच दिला. खोट्या नावाने, खोटा करार करून पैसे उकळणं दिवाणी कसं होतं, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. ऑनलाइन तक्रारीचा एक नंबर मिळाला, पुढे काहीच नाही. आणि सही होईपर्यंत दिवसातून तीनदा फोन करणारी एजन्सीची रिक्रूटर? "घर ही तुमची जबाबदारी," आणि कॉन्ट्रॅक्ट सोडलं तर दंड. सोमवारी रात्री व्हेंटिलेटरवरचे दोन पेशंट घेऊन मी ड्यूटीवर उभी होते. मोटेल ११ रात्री, ९४ डॉलरने, म्हणजे आणखी १,०३४.

पहिला आठवडा मोटेलच बुक करा, घर डोळ्यांनी बघा, मग पैसे द्या. युनिटच्या चार्ज नर्सला, म्हणजे शिफ्टच्या प्रमुख नर्सला, विचारा; मला शेवटी खोली तशीच मिळाली, एका रेस्पिरेटरी थेरपिस्टच्या घरी, महिना ९०० ला. ॲपवरून गेलेला पैसा सहसा परत येत नाही, कार्डाने घ्यायला नकार देणाऱ्याला तिथेच सोडा. सोशल सिक्युरिटी नंबर देऊन बसला असाल तर आजच इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावावर कुणाला नवं कर्ज किंवा कार्ड सहज काढता येत नाही. २०१८ पासून ते फुकट आहे. मी चार दिवस उशिरा केलं, तेवढ्यात माझ्या नावावर एका स्टोअर कार्डाचा अर्ज गेला होता.

परवा तेच फोटो टूसॉनच्या जाहिरातीत दिसले. भाडं १,४५०, नाव वेगळं. स्वयंपाकघराच्या खिडकीत निळ्या काचेची उंच बाटली आहे, शेजारी पिवळी किटली. दिसलं तर एक डॉलरही पाठवू नका.